गर्भाशयमुखाचा कर्करोग : तपासणीपासून दूर राहिलेली ग्रामीण स्त्री

वैनगंगेच्या खोऱ्यातील बालाघाट हा मध्य प्रदेशातील जिल्हा महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्याला लागून आहे. भातशेती, जंगल आणि गोंड व बैगा समाजाच्या वस्त्या ही त्याची ओळख. अशा भागांतील स्त्रियांच्या आरोग्याचा एक प्रश्न सहसा उंबरठ्याबाहेर येत नाही. तो म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची वेळेवर तपासणी. देशात दरवर्षी या रोगाचे सुमारे सव्वा लाख नवे रुग्ण आढळतात. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील ३० ते ४९ वयोगटातील ग्रामीण स्त्रियांपैकी केवळ १.७ टक्के स्त्रियांनी ही तपासणी कधी तरी करून घेतली होती. शहरांतही हे प्रमाण २.२ टक्क्यांपुढे गेलेले नाही.

हा रोग प्रामुख्याने एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून उद्भवतो. संसर्गापासून कर्करोगापर्यंतच्या प्रवासाला बहुधा १० ते २० वर्षे लागतात. या काळात पेशींतील बदल ओळखता आले, तर साध्या उपचारांनी रोग टाळता येतो. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यात ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी अपेक्षित आहे. त्यासाठीच्या ‘व्हीआयए’ चाचणीत गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावतात. सुमारे मिनिटभरात तो भाग पांढरा दिसू लागल्यास पुढील तपासणी केली जाते. प्रशिक्षित परिचारिकाही ही चाचणी करू शकते.

मग अडते कुठे? त्रास नसताना दवाखान्यात जाण्याची सवय नाही. अंगावरून पांढरे जाणे किंवा संबंधानंतरचा रक्तस्राव संकोचापोटी अंगावर काढला जातो. रोवणीच्या दिवसांत उपकेंद्र गाठायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. शिवाय कर्करोग या शब्दाचीच धास्ती असते.

हे अडथळे दूर होऊ शकतात, हे महाराष्ट्राने दाखवून दिले आहे. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केलेल्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले, तर नेहमीच्या आरोग्यसेवेवर असलेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. मुंबईतील वस्त्यांमध्ये टाटा स्मारक केंद्राने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकरवी दर दोन वर्षांनी व्हीआयए चाचणी केली. तेथे मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले.

वयाच्या ३५ व्या आणि ४५ व्या वर्षापर्यंत अशी दोनदा तपासणी ७० टक्के स्त्रियांची व्हावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०३० साठीचे उद्दिष्ट आहे. बालाघाट असो वा आपल्या राज्यातील एखादा दुर्गम वाडा, तेथवर पोहोचण्याचा मार्ग गावातील आशा कार्यकर्तीच्या विश्वासाच्या शब्दातून आणि उपकेंद्रातील आडोशाच्या खोलीतूनच जातो.