बडोद्याचं कलाभवन, जादूचा दिवा आणि आजचे वायरिंगचे व्हिडिओ

मंडळी, हल्ली नववी-दहावीच्या व्यवसाय शिक्षणात इलेक्ट्रिकचं काम शिकवताना व्हिडिओ लावतात. स्विचबोर्ड कसा भरायचा, जिन्यातला एकच दिवा वरून-खालून दोन स्विचांनी कसा लावायचा, अर्थिंग कशासाठी, हे सगळं पडद्यावर. घरातली जुनी माणसं विचारतात, "बघून कुठं कारागीर होतो का?" प्रश्न रास्त आहे. गंमत म्हणजे त्याच्या दोन्ही बाजू आपल्या बडोद्यात शंभर वर्षांपूर्वीच उभ्या होत्या.

पहिली बाजू हाताची. सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन काढलं. प्रमुख होते प्रा. त्रिभुवनदास गज्जर. सुतारकाम, रंगाई, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला असे विषय तिथे हातानं करून शिकायचे. गज्जरांचा आग्रह दुसराही होता: धंद्याचं शिक्षण मुलाला कळेल त्या भाषेत हवं. त्यासाठी गुजरातीत शास्त्राची पुस्तकं तयार करायचं काम त्यांनी हाती घेतलं. इंग्रजी येत नाही म्हणून चांगला हात वाया जाऊ नये, हा त्यामागचा विचार. पुढे 1949 मध्ये विद्यापीठ झालं आणि कलाभवनाचं तंत्रशिक्षण त्याच्या इंजिनिअरिंग विभागात गेलं.

दुसरी बाजू डोळ्याची. 1910 मध्ये महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले. त्या ग्रंथालय खात्यात पुढे चित्रांतून शिक्षण देणारी एक शाखाच निघाली. जादूचा दिवा, काचेच्या स्लाइडा, सिनेमाचं यंत्र घेऊन माणसं गावोगाव जायची. वाचता न येणाऱ्यालाही ज्ञान मिळावं, हा उद्देश. या खात्याची धुरा काही काळ आपल्या जनार्दन सखाराम कुडाळकरांकडे होती, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

या दोन्ही बाजू एका माणसात भेटतात. दादासाहेब फाळके कलाभवनात शिकले. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, 1912 मध्ये, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं त्याचं छोटं चित्रण केलं. थोड्या थोड्या अंतरानं टिपलेली चित्रं सलग दाखवली आणि नुसत्या डोळ्याला न दिसणारी वाढ पडद्यावर दिसली. शिकवणाऱ्या फिल्मची खरी ताकद हीच: जे दिसत नाही ते दाखवणं.

विजेचंही तेच आहे बघा. तारेतून जाणारा करंट कोणाला दिसतो? जिन्याच्या वायरिंगमध्ये एक स्विच फिरवला की वाट कुठे जुळते, कुठे तुटते, हे चलचित्रात मिनिटभरात कळतं. फळ्यावर त्याला अर्धा तास जातो. शॉर्ट झाल्यावर काय होतं, तेही कोणाला इजा न होता दाखवता येतं.

पण स्क्रू किती आवळायचा, हे व्हिडिओ बोटांना सांगू शकत नाही. सैल राहिलेलं टोक तापतं, इन्सुलेशन जळतं, आणि कधी घरही. ते कळायला पेचकस हातात लागतो आणि शेजारी जाणता माणूस लागतो. म्हणूनच मुलानं जोडलेला बोर्ड थेट 230 व्होल्टला लावायचा नाही. आधी सिरीज बल्बवर तपासायचा. शॉर्ट असला तर तो बल्बच पूर्ण पेटून सांगतो. डॉ. कलबागांनी 1983 मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तेव्हा शाळेतल्या मुलांनी गावाला उपयोगी पडणारी कामं करत शिकावं, हेच धोरण ठेवलं. त्यात विजेचं कामही होतं.

तेव्हा भांडण व्हिडिओशी नाही. व्हिडिओ संपल्यावर टेबलावर तार, पक्कड, होल्डर ठेवलेले आहेत का, हे विचारायला हवं. दुसरी गोष्ट भाषेची. इंदूर, बेळगाव, बडोद्याची आपली मुलं शाळेत दुसऱ्या भाषेतून शिकतात, घरी मराठी बोलतात. "तार सोलताना तांबं कापू नकोस" हे वाक्य ज्या भाषेत चटकन कळतं, त्या भाषेत ते एकदा तरी कानावर पडायला हवं. विजेच्या कामात उशिरा कळणं महाग पडतं.

आपल्यापैकी कोणाचे आजोबा-पणजोबा कलाभवनात शिकले असतील, त्यांच्या वह्या, हत्यारं, प्रमाणपत्रं अजून माळ्यावर असतील. काढा, फोटो टाका. आणि घरात वायरमन काका असतील तर त्यांना जवळच्या शाळेत तासभर घेऊन जा. पडद्याला हाताची जोड तिथेच मिळेल.