काचगृहातील पर्वतवासिनी

बोर्निओ बेटाच्या उत्तर टोकाजवळ, विषुववृत्तापासून अवघ्या सहा अंशांवर, किनाबालू हा ४,०९५ मीटर उंचीचा पर्वत उभा आहे. आणि त्याच्या उतारांवर, सुमारे १,५०० ते २,६०० मीटरांच्या पट्ट्यात, जेथे मेघ जमिनीला टेकतात आणि शेवाळे कधी वाळत नाही, तेथे नेपेंथिस राजा ही कीटकभक्षी घटपर्णींतील सर्वांत भव्य जाती वाढते. तिच्या एकेका घटात तीन लिटरांहून अधिक पाणी मावल्याची नोंद आहे. प्रदेश उष्ण कटिबंधातला खरा, परंतु त्या उंचीवर दिवसाचा पारा वीस-पंचवीस अंशांपलीकडे सहसा जात नाही आणि रात्री तो दहा-बारापर्यंत उतरतो. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडने ही वनस्पती समुद्रापार नेली, तिच्यासाठी द्रव्य आणि श्रम यांची पर्वा केली नाही, आणि तरीही पंचवीस-तीस वर्षांत ती गमावली. या अपयशाचे मुख्य कारण अनास्था किंवा द्रव्याची टंचाई हे नसून, तिला आपुलकीने दिलेली ऊब हेच होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

या उद्योगाला अनुकूल काळ तेव्हा नुकताच आला होता. नॅथॅनिएल वॉर्ड या लंडनच्या वैद्याला १८२९ साली बंद काचपात्रात नेचे आपोआप रुजलेले आढळले, आणि त्यातून निघालेल्या काचेच्या पेट्यांमुळे जिवंत रोपे खाऱ्या वाऱ्यापासून सुरक्षित राहून महिनोन्महिन्यांचा जलप्रवास सोसू लागली. १८४५ साली काचेवरील कर रद्द झाला आणि काचगृहे उभारणे स्वस्त झाले. चेल्सी येथील वीच घराण्याची रोपवाटिका या व्यापारात अग्रेसर होती. तिने पौर्वात्य मुलखांत धाडलेल्या थॉमस लॉब यांच्यासारख्या संग्राहकांनी घटपर्णीच्या अनेक जाती रवाना केल्या, आणि तिच्याच पदरी असलेल्या जॉन डॉमिनी यांनी सखल प्रदेशातील दोन जातींचा संकर करून १८६२ च्या सुमारास घटपर्णीची पहिली मानवनिर्मित संकरजात सिद्ध केली. पुढे १८७४ साली वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी बेलफास्ट येथील भाषणात घटातील पचनक्रियेचे विवेचन केले, दुसऱ्याच वर्षी डार्विन यांचा कीटकभक्षी वनस्पतींवरील ग्रंथ निघाला, आणि या कुळाकडे विद्वानांबरोबर धनिकांचेही लक्ष वेधले गेले.

किनाबालूच्या राणीची कथा मात्र याहून वेगळी आहे. लाबुआन येथील इंग्रजी वसाहतीचे अंमलदार ह्यू लो हे १८५१ साली प्रथम त्या पर्वतावर चढले. १८५८ साली ते स्पेन्सर सेंट जॉन यांच्यासह पुन्हा गेले, आणि त्या सफरीत एका प्रचंड घटात बुडून मेलेला उंदीर त्यांना आढळला. हूकर यांनी १८५९ साली या जातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध करून सारावाकचे राजे जेम्स ब्रुक यांच्या सन्मानार्थ तिला नाव दिले. जिवंत रोपे विलायतेस पोहोचण्यास मात्र वीच यांच्या वतीने फ्रेडरिक बर्बिज यांनी १८७७-७८ मध्ये केलेली मोहीम कारणीभूत झाली.

तेथून पुढे या रोपांचा मुक्काम उष्णगृहात पडला. त्या काळच्या माळ्यांच्या लेखी कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधील सारी भूमी हा जणू एकच मुलूख होता, आणि तेथे जे जे उगवते त्या सर्वांना एकच फर्मान लागू होते: कोळशाची भट्टी पेटती ठेवावी, गरम पाण्याच्या लोखंडी नळ्या रात्रभर तापत ठेवाव्या, हवा दमट राखावी आणि थंडीचा शिरकाव होऊ देऊ नये. सखल प्रदेशातील जातींना व त्यांच्या संकरांना हा बंदोबस्त मानवला, आणि या यशानेच वहिवाट पक्की झाली. पर्वतवासी जातींना रात्रीची ऊब एकदम मारीत नाही, ही त्यातली खरी अडचण. उष्ण रात्री श्वसनाचा वेग वाढतो, दिवसा साठविलेली शर्करा खर्ची पडते, नवे पान आधीच्या पानापेक्षा लहान निघते, घट धरत नाही, आणि असा क्षय महिनोन्महिने चालल्यावर रोप जाते. अशा मंद मरणाचे कारण ओळखणे फार कठीण असते.

वास्तविक हा धडा शेजारच्याच काचगृहात गिरविला गेला होता. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांनी आरंभी सर्व ऑर्किडांना उष्ण व दमट हवा देण्याची शिफारस केली होती, आणि परिणामी अँडीज पर्वतावरून आणलेली ऑर्किडे फार मोठ्या संख्येने मेली. १८६० नंतरच्या दशकात जेम्स बेटमन यांनी शीतगृहाचा हिरिरीने पुरस्कार केला, तेव्हा तीच ऑर्किडे फुलू लागली. घटपर्णी मात्र बहुतांशी उष्णगृहाच्याच दफ्तरी राहिल्या. १९०५ पर्यंत वीच यांच्याकडील राजा जातीची रोपे संपली. डब्लिनजवळील ग्लासनेव्हिन उद्यानात काही उरली होती, तीही फार काळ टिकली नाहीत. १९१४ साली चेल्सीची पेढी बंद झाली आणि महायुद्धाने काचगृहांचा तो खर्चिक जमाना संपविला.

पुनरुज्जीवन झाले ते निराळ्याच हातांनी. १९७६ साली शिगेओ कुराता यांचा किनाबालूवरील घटपर्णींविषयीचा ग्रंथ निघाला. १९८१ साली राजा जातीला आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात सर्वोच्च संरक्षण मिळाले. आणि ऊतीसंवर्धनाने प्रयोगशाळेतील काचनलिकेत वाढविलेली रोपे मिळू लागल्यावर पर्वत ओरबाडण्याची गरज राहिली नाही. आता ही वनस्पती राजवाड्याऐवजी घरातील एका लहानशा खोलीत वाढते. पांढरे दिवे बारा-चौदा तास जळतात, शेवाळ आणि पर्लाइट यांच्या मिश्रणाला पावसाचे किंवा क्षाररहित पाणी मिळते, आणि सायंकाळी दिवे मालवताच वातानुकूलन यंत्र खोली पंधरा अंशांखाली नेते. एकेकाळी कोळसा जाळून ऊब विकत घेतली जाई. आज तितक्याच निष्ठेने वीज जाळून गारवा विकत घेतला जातो.

महाराष्ट्राच्या सड्यांवर दवबिंदू आणि सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पती आहेत, पण घटपर्णी नाही. भारतात ती एकच, मेघालयातील नेपेंथिस खासियाना, जिचे वर्णनही १८७३ साली हूकर यांनीच केले. ती मध्यम उंचीवरची असल्याने राजापेक्षा पुष्कळच सोशिक आहे, आणि पुण्यामुंबईच्या घरात ज्याला हा नाद लावून घ्यायचा असेल त्याने, रानातून उपटलेले नव्हे तर बियांपासून किंवा ऊतींपासून वाढविलेले रोप मिळवून, आरंभ तिच्यापासूनच करावा.