मादी श्वानाचे निर्बीजीकरण व त्याचे योग्य वय

मादी श्वानाचे निर्बीजीकरण म्हणजे कुत्रीची प्रजननक्षमता कायमची संपविण्यासाठी संपूर्ण भूल देऊन केली जाणारी शस्त्रक्रिया होय. बोलीभाषेत तिला ‘नसबंदी’ किंवा नुसते ‘ऑपरेशन’ म्हणतात. या शस्त्रक्रियेत बहुधा दोन्ही अंडाशय व गर्भाशय काढले जातात. युरोपातील अनेक देशांत गर्भाशय निरोगी असल्यास केवळ अंडाशय काढण्याची पद्धत रूढ आहे. दोन्ही पद्धतींत अंडाशयांतून स्रवणारी इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके बंद होतात. ही संप्रेरके काही आजारांना कारणीभूत ठरतात, तर हाडे, सांधे व मूत्रमार्ग यांच्या दृष्टीने ती उपयुक्तही असतात. त्यामुळे शस्त्रक्रिया कोणत्या वयात करावी, या प्रश्नाला सर्व कुत्र्यांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही.

प्रजननचक्र

कुत्री साधारणतः ६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान प्रथम माजावर येते. लहान जातींत हे लवकर, तर मोठ्या जातींत उशिरा घडते. माजाचा काळ सुमारे तीन आठवड्यांचा असतो. पहिल्या आठ-दहा दिवसांत योनिमार्गाला सूज येते व रक्तमिश्रित स्राव होतो. त्यानंतरच्या तितक्याच दिवसांत ती नराचा स्वीकार करते. पुढे सुमारे दोन महिने शरीरात प्रोजेस्टेरॉनचे प्रमाण अधिक राहते, मग गर्भ राहिलेला असो वा नसो. त्यानंतर काही महिन्यांचा विश्रांतिकाल येतो. दोन माजांतील अंतर बहुधा सहा-सात महिन्यांचे असते. बसेंजी ही जात मात्र वर्षातून एकदाच माजावर येते. गर्भधारणेचा काळ सुमारे ६३ दिवसांचा असतो.

लवकर शस्त्रक्रिया करण्याचे लाभ

स्तनग्रंथींच्या गाठी: १९६९ साली अमेरिकेत श्नायडर, डॉर्न व टेलर यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, शस्त्रक्रिया न झालेल्या माद्यांच्या तुलनेत स्तनाच्या कर्करोगाचा धोका पहिल्या माजापूर्वी निर्बीजीकरण केल्यास ०.५ टक्के, पहिल्या माजानंतर केल्यास ८ टक्के व दुसऱ्या माजानंतर केल्यास २६ टक्के इतकाच उरतो. हे आकडे तुलनात्मक आहेत. शंभरांतील इतक्या कुत्र्यांना कर्करोग होतो, असा त्यांचा अर्थ नाही. ‘पहिल्या माजापूर्वी’ हा सल्ला कित्येक दशके याच आकड्यांवर आधारलेला होता. २०१२ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका चिकित्सक आढाव्याने मात्र या विषयावरील उपलब्ध पुरावा दुर्बळ असल्याचा निष्कर्ष काढला. त्यामुळे हा लाभ आजही विचारात घेतला जातो, पण निर्णयाचा एकमेव आधार मानला जात नाही.

गर्भाशयातील पू: ‘पायोमेट्रा’ या विकारात माज संपल्यानंतरच्या काही आठवड्यांत गर्भाशयात पू साठतो. कुत्री खाणे सोडते, फार पाणी पिते व सुस्त होते; वेळीच उपचार न झाल्यास दगावते. निरोगी कुत्र्यांचे निर्बीजीकरण फारसे न करणाऱ्या स्वीडनमधील विमा-नोंदींनुसार, दहा वर्षे वयापर्यंत साधारण चारपैकी एका मादीला हा विकार होतो. जातीनुसार हे प्रमाण बरेच बदलते. आजारी व वयस्क कुत्रीवर अशी तातडीची शस्त्रक्रिया करणे हे निरोगी कुत्रीच्या नियोजित शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी अधिक जोखमीचे असते.

लवकर शस्त्रक्रिया करण्याचे धोके

हाडे व सांधे: वयात येताना लैंगिक संप्रेरकांच्या प्रभावाने हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या मिटतात. ही संप्रेरके आधीच बंद झाल्यास हाडे किंचित अधिक लांब वाढतात व सांध्यांवरील भार बदलतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ साली गोल्डन रिट्रीव्हर जातीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निर्बीजीकरण न झालेल्या माद्यांत गुडघ्याचा स्नायुबंध तुटल्याची एकही नोंद नव्हती. वर्षाच्या आत निर्बीजीकरण झालेल्या माद्यांत मात्र हे प्रमाण सुमारे ८ टक्के होते. याच गटाने २०२० साली ३५ जातींचा आढावा घेतला. त्यात लहान जातींमध्ये सांध्यांच्या विकारांत लक्षणीय वाढ आढळली नाही.

मूत्रावरील ताबा: निर्बीजीकरणानंतर काही माद्यांना झोपेत नकळत लघवी होऊ लागते. २० किलोपेक्षा अधिक वजनाच्या कुत्र्यांत हा त्रास जास्त दिसतो व फार कोवळ्या वयात शस्त्रक्रिया केल्यास त्याचा संभव वाढतो. बहुतेकदा तो औषधांनी आटोक्यात राहतो.

वजन: शस्त्रक्रियेनंतर भूक वाढते आणि शरीराची ऊर्जेची गरज घटते. हा परिणाम कोणत्याही वयात होतो. त्यामुळे आहाराचे प्रमाण कमी करणे आवश्यक ठरते.

वयाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे

अमेरिकन ॲनिमल हॉस्पिटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, पूर्ण वाढ झाल्यावर ज्यांचे वजन सुमारे २० किलोपेक्षा कमी राहील अशा माद्यांचे निर्बीजीकरण पहिल्या माजापूर्वी, म्हणजे पाच-सहा महिन्यांच्या वयात करावे. त्याहून मोठ्या माद्यांसाठी ५ ते १५ महिने असा विस्तृत कालावधी दिलेला असून त्यातील नेमकी वेळ जात, प्रकृती व राहणीमान पाहून पशुवैद्याने ठरवावी, असे सुचविले आहे. मोठ्या जातीच्या मादीबाबत पहिला माज होऊ द्यावयाचा असल्यास त्या तीन आठवड्यांत तिला नरांपासून दूर ठेवण्याची व्यवस्था मालकाकडे असणे आवश्यक आहे. ती नसल्यास नको असलेली गर्भधारणा हाच सर्वांत निकटचा धोका ठरतो.

चक्रातील योग्य वेळ

एकदा माज येऊन गेलेल्या मादीच्या बाबतीत वयाइतकेच चक्रातील टप्प्यालाही महत्त्व असते. माजाच्या काळात जननेंद्रियांचा रक्तपुरवठा वाढलेला असल्याने शस्त्रक्रियेत रक्तस्रावाचा धोका अधिक असतो. माजानंतरच्या दोन महिन्यांत अंडाशय काढल्यास प्रोजेस्टेरॉन अचानक घटून खोट्या गर्भधारणेची लक्षणे, उदाहरणार्थ स्तनांत दूध येणे, दिसू शकतात. म्हणून माज संपल्यानंतर दोन ते तीन महिन्यांनी येणारा विश्रांतिकाल सर्वाधिक सोयीचा मानला जातो. पायोमेट्रासारख्या आणीबाणीत मात्र असे थांबणे योग्य नसते.

भटक्या माद्या

भटक्या मादीसाठी योग्य वेळेची प्रतीक्षा करणे व्यवहारात शक्य नसते, कारण एकदा पकडलेली मादी पुन्हा हाती लागेलच असे नाही. दत्तक देण्यापूर्वी निवाऱ्यांमध्ये अगदी लहान पिलांचेही निर्बीजीकरण काही देशांत केले जाते. भारतात हे काम प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार चालते. २००१ च्या नियमांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली आहे. या पद्धतीत शस्त्रक्रियेसोबत रेबीजप्रतिबंधक लस देऊन, ओळखीसाठी कानाला खाच करून कुत्र्याला मूळ जागी सोडले जाते.

घरातील कुत्री वर्षातील कोणत्याही महिन्यात माजावर येऊ शकते. भारतातील भटक्या माद्यांचा माज मात्र प्रामुख्याने पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतो. महाराष्ट्रात भाद्रपद हा कुत्र्यांच्या माजाचा महिना म्हणून परिचित आहे. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी, हिवाळ्याच्या तोंडाशी, पिले जन्मतात. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी केलेल्या शस्त्रक्रियांनी त्या वर्षीचा एक विणीचा हंगाम टळतो. भाद्रपदानंतर पकडलेल्या अनेक माद्या गाभण किंवा पिलांना पाजणाऱ्या असतात. पाजणाऱ्या मादीला पिलांपासून तोडल्यास पिले दगावण्याचा धोका असल्याने, त्यांचे दूध सुटेपर्यंत तिची शस्त्रक्रिया पुढे ढकलणे इष्ट असते.