सुदूर संवेदन आणि नैसर्गिक साधनसंपत्ती

सुदूर संवेदन आणि नैसर्गिक साधनसंपत्ती : एखाद्या वस्तूला स्पर्श न करता, तिच्यावरून परावर्तित होणाऱ्या किंवा तिच्यातून बाहेर पडणाऱ्या प्रारणावरून तिची माहिती मिळवण्याच्या तंत्राला सुदूर संवेदन म्हणतात. जमीन, पाणी, जंगल आणि पीक यांची मोजदाद व देखरेख करण्यासाठी या तंत्राने मिळालेली उपग्रहचित्रे भौगोलिक माहिती प्रणालीच्या जोडीने वापरली जातात. या प्रणालीला कचेऱ्यांत सरसकट जीआयएस म्हणतात. तलाठ्याचा सातबारा, भूमी अभिलेखाचा गटनकाशा, वनखात्याची कंपार्टमेंटची हद्द आणि भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरीची नोंदवही हे कागद एरवी वेगवेगळ्या कपाटांत पडून असतात. जीआयएस ते अक्षांश-रेखांशांच्या एका जाळीत आणून एकमेकांवर ठेवते. चित्र आणि कागद जुळत नसतील, तर ते तिथेच उघडे पडते.

तत्त्व : निरोगी हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवते. पान सुकू लागले की हा फरक कमी होतो. निकट अवरक्तातून तांबडा वजा करून त्या दोहोंच्या बेरजेने भागले की वनस्पती निर्देशांक, म्हणजे एनडीव्हीआय, मिळतो. त्याची किंमत उणे १ ते अधिक १ या दरम्यान असते. पाणी निकट अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळाच गिळते, म्हणून धरणाचे पाणी चित्रात काळे दिसते. प्रचलित छद्मरंगी चित्रात निकट अवरक्ताला लाल रंग दिलेला असतो. कृष्णाकाठचा ऊस त्यात लालभडक दिसतो आणि नवखा माणूस हे काय म्हणून दचकतो. बहुतेक संसाधन उपग्रह सकाळी साडेदहाच्या आसपास डोक्यावरून जातात. त्या वेळी हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला खाली असतो आणि सह्याद्रीच्या कड्यांची सावली वायव्येकडे लांब पडते. ही सावलीही काळीच दिसते. त्यामुळे संगणकाने केलेल्या वर्गीकरणात घाटाच्या कुशीत नसलेली तळी उगवतात आणि ती हाताने पुसावी लागतात.

चित्राचा बारकावा पिक्सेलवर ठरतो. पुस्तके तो मीटरमध्ये सांगतात, पण आपल्याकडे गुंठ्यात मोजला तर लवकर उमगतो. १९८८ च्या आयआरएस-१ए उपग्रहावरील लिस-१ कॅमेऱ्याचा पिक्सेल ७२.५ मीटरचा होता, म्हणजे सुमारे ५२ गुंठे, सव्वा एकराहून थोडा अधिक. लिस-३ चा पिक्सेल २३.५ मीटरचा, साडेपाच गुंठ्यांचा. लिस-४ चा ५.८ मीटरचा, एक तृतीयांश गुंठ्याचा. युरोपच्या सेंटिनेल-२ चा पिक्सेल १० मीटरचा आहे, म्हणजे जवळजवळ नेमका एक गुंठा. पिक्सेलच्या आत काय काय आहे हे उपग्रह वेगळे सांगत नाही, त्या सगळ्याची मिळून एकच किंमत देतो. सोयाबीनमध्ये तुरीचे पट्टे, बांधावर बोरी-बाभळी आणि कडेला विहिरीचा उपसलेला मुरूम असे रान साडेपाच गुंठ्यांच्या एका ठिपक्यात कालवले जाते. अमेरिकेतल्या शंभर एकरांच्या एकाच मक्याच्या शेतावर बसवलेली रीत मराठवाड्यातल्या दोन एकरांच्या तुकड्याला लावली की चुकणारच.

वाटचाल : अमेरिकेने २३ जुलै १९७२ रोजी सोडलेला लँडसॅट-१ हा खास पृथ्वीच्या साधनसंपत्तीच्या पाहणीसाठी सोडलेला पहिला उपग्रह. हवाई छायाचित्रे वाचण्याचे शिक्षण देणारी संस्था भारतात डेहराडूनला १९६६ मध्येच निघाली होती. १९७० च्या सुमारास पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकाराने केरळात हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर नारळाच्या बागा टिपल्या गेल्या आणि रोगट माड शेंड्यावरून ओळखता आले. भारतीय सुदूर संवेदनाची सुरुवात या प्रयोगापासून मानतात. हैदराबादची राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्था १९७४ ची. ७ जून १९७९ रोजी सोव्हिएत रॉकेटवरून गेलेला भास्कर-१ प्रायोगिक होता. १७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून सोडलेल्या आयआरएस-१ए पासून देशाला स्वतःची नियमित चित्रे मिळू लागली. त्याच वर्षी नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. राज्याच्या खात्यांना लागणारे बहुतेक नकाशे आजही तिथेच तयार होतात. रिसोर्ससॅट मालिका २००३ मध्ये सुरू झाली, तर कार्टोसॅट-१ २००५ मध्ये गेला. दोन कोनांतून चित्र घेऊन जमिनीची उंची काढण्याची सोय कार्टोसॅट-१ वर होती.

खरी क्रांती मात्र दरपत्रकात झाली. लँडसॅटचा सगळा साठा २००८ पासून फुकट खुला झाला. इस्रोचे भुवन हे संकेतस्थळ २००९ मध्ये आले. सेंटिनेलची चित्रे पहिल्या दिवसापासून विनामूल्य आहेत. त्याआधी जिल्ह्याचे एक चित्र विकत घ्यायचे तरी मंजुरीची फाइल फिरवावी लागे.

पाणी व पाणलोट : महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग बेसाल्टच्या थरांचा आहे. घट्ट काळ्या पाषाणात पाणी साठत नाही. ते सापडते झिजलेल्या व सच्छिद्र थरात, भेगांत आणि थरांच्या सांध्यात. उपग्रहाला जमिनीखालचे पाणी दिसत नाही, ही गोष्ट अनेकदा सांगूनही लोकांच्या मनातून जात नाही. त्याला दिसतात ते पाण्याचे माग : एका सरळ रेषेत वळणारे ओढे, उन्हाळ्यातही तग धरणारी झाडांची ओळ, भेगांच्या लांबच लांब रेषा. धुळे-नंदुरबारकडे अशा रेषांपैकी कित्येक भेगा नसून डाइक असतात, म्हणजे उभ्या भेगांत शिरून घट्ट झालेल्या लाव्हाच्या भिंती. जमिनीखालचे पाणी एखादा डाइक अडवतो, तर तडकलेला दुसरा वाहून नेतो. चित्रात दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून राजीव गांधी पेयजल मिशनसाठी १:५०,००० प्रमाणावर भूजल संभाव्यतेचे नकाशे झाले, तेव्हा त्यांत चित्रावरील रेषांना विहिरींच्या माहितीची जोड द्यावी लागली.

पाणलोटाच्या कामात उतार, मातीची खोली, ओढ्यांची प्रतवारी आणि जमिनीचा वापर हे थर एकमेकांवर ठेवून उपचार ठरवतात. माथ्यावर सलग समतल चर, मधल्या उतारावर अनगड दगडी बांध, खाली माती नालाबांध, पायथ्याला सिमेंट बंधारा आणि शेततळे असा क्रम लागतो. ‘माथा ते पायथा’ हा शब्दप्रयोग या क्षेत्रात म्हणीसारखा रुळला आहे. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात कामाच्या आधीचे, चालू असतानाचे आणि पूर्ण झाल्यावरचे छायाचित्र अक्षांश-रेखांशांसह मोबाइलवरून चढवण्याची सक्ती होती. त्यामुळे एकच बंधारा दोन योजनांत दाखवणे अवघड झाले. बंधाऱ्यात पाणी किती दिवस टिकले, याचे उत्तर मात्र छायाचित्रात नसते. त्यासाठी नोव्हेंबर ते मार्चची चित्रे ओळीने लावून पाहावी लागतात, आणि तेवढे कष्ट फार थोड्या ठिकाणी घेतले गेले.

दुष्काळाचे मोजमाप : आकाशातून आलेल्या आकड्याचा सरळ तिजोरीशी संबंध येतो तो इथे. पूर्वापार पद्धत आणेवारीची. रुपयाचे शंभर पैसे झाल्यावर तिला पैसेवारी म्हणू लागले. गावच्या पिकाचा उतारा प्रमाण उताऱ्याशी ताडून पैशांत सांगायचा, आणि ५० पैशांखाली गेलेले गाव टंचाईसदृश धरायचे. नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम असे टप्पे पार पडेपर्यंत डिसेंबर उजाडे आणि तोवर चाऱ्याचे भाव चढलेले असत. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने हा क्रम बदलला. आधी पावसाची तूट आणि खंड पाहायचे. मग पेरणीचे क्षेत्र, मातीतला ओलावा व जलसाठे यांच्या जोडीने उपग्रहावरून काढलेले वनस्पती निर्देशांक तपासायचे. हे निकष पुरे झाले की दहा टक्के गावांत जाऊन प्रत्यक्ष पिके पाहायची. निर्देशांकाचा नुसता आकडा बोलत नाही. त्याच तालुक्याच्या, त्याच पंधरवड्याच्या आधीच्या वर्षांतल्या सर्वांत वाईट आणि सर्वांत चांगल्या स्थितीच्या मध्ये यंदा तो कुठे बसतो, हे पाहतात. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी महाराष्ट्राने १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले, ते या संहितेनुसार.

वेळ वाचला, पण नवी तक्रार उभी राहिली. निर्देशांकाला हिरवे दिसते, पीक दिसत नाही. पाऊस दडी मारून बसलेल्या सप्टेंबरात एखाद्या पाझर तलावाच्या कोरड्या बुडात बेशरमी आणि वेडी बाभूळ माजलेली असते. बांधावर घाणेरी असते. नदीकाठी पंपावर जगवलेला ऊस असतो. त्याच शिवारातले कोरडवाहू सोयाबीन मात्र शेंग न भरताच पिवळे पडलेले असते. पिक्सेलला हिरवळ भेटते. शिवाय निकषांचे एकक तालुका असल्याने ओल्या मंडळाची सरासरी कोरड्या मंडळाला झाकते. दहा टक्के गावांची पाहणी याच चुकीवर उतारा म्हणून ठेवलेली आहे. त्या गावांतल्या शेतात प्रत्यक्ष उतरणारा तलाठी आणि कृषी सहायक हा या साखळीतला सर्वांत कमी चर्चिला जाणारा, पण सर्वांत मोलाचा दुवा होय.

खरिपाची दुसरी अडचण ढगांची. जून ते सप्टेंबर पिकाकडे पाहायची गरज सर्वांत जास्त, आणि तेव्हाच साध्या कॅमेऱ्याला ढगांखेरीज काही दिसत नाही. रडार ढगांतून आरपार पाहते. भाताची लावणी होण्यापूर्वी पाण्याने भरलेले गुळगुळीत खाचर रडारच्या लहरी दुसरीकडेच परतवते, म्हणून काळे दिसते. रोप वाढेल तसे ते उजळत जाते. कोकण आणि भंडारा-गोंदियातला भात त्यामुळे ढगांआडूनही ओळखता येतो. २०१२ चा रिसॅट-१, सेंटिनेल-१ आणि ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला भारत-अमेरिकेचा निसार हे रडारवाले उपग्रह आहेत.

वन आणि कांदळवन : भारतीय वन सर्वेक्षण १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी वनस्थितीचा अहवाल काढते. त्यातले ‘वनाच्छादन’ म्हणजे एक हेक्टर किंवा त्याहून मोठा, दहा टक्के वा अधिक छत्र असलेला कोणताही तुकडा. मालकी कोणाची आणि झाडे कसली, हे तिथे विचारात घेत नाहीत. या व्याख्येने देवगडची कलमांची बाग आणि वेंगुर्ल्याचा काजू आंबोलीच्या जंगलाच्याच रकान्यात येऊ शकतो. अहवालाच्या दिवशी ‘जंगल वाढले’ असे मथळे देणाऱ्यांनी ही व्याख्या एकदा तरी वाचावी. चित्राची तारीखही महत्त्वाची. विदर्भातला साग मार्चमध्ये निष्पर्ण असतो आणि तेव्हाचे चित्र भरल्या जंगलाला विरळ ठरवील. म्हणून पावसाळा सरल्यानंतरची चित्रे घेतात.

कांदळवनांच्या बाबतीत नकाशाने न्यायालयीन काम केले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या आदेशाने कांदळवनांची तोड व भराव थांबवला आणि उपग्रहाच्या मदतीने त्यांचे नकाशे करण्यास सांगितले. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने ते संरक्षण कायम केले. इथे कधी तिवरे नव्हतीच, हा भराव घालणाऱ्यांचा ठेवणीतला युक्तिवाद होता. जुन्या तारखेचे चित्र त्याला गप्प करते. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ चा आहे.

जमीन आणि हक्क : साखळीने आणि प्लेन टेबलावर मोजलेले, घड्या पडून विरलेले गावनकाशे संगणकात घेऊन उपग्रहचित्रावर ठेवले की बांध सरकतात. एकाची विहीर दुसऱ्याच्या गटात पडते, पाणंद घरातून जाते. नकाशा ताणून बसवण्याला कचेरीत रबरशीटिंग म्हणतात, आणि एका कोपऱ्यात जुळवले की दुसऱ्या कोपऱ्यात उसवते. नियोजनाला असा नकाशा चालतो, बांधाच्या भांडणाला चालत नाही. मोबाइलवरचे चित्र दाखवून शेजाऱ्याशी वाद घालणाऱ्यांची संख्या वाढली असली, तरी हद्दीचा प्रश्न आजही मोजणीनेच सुटतो.

वनहक्क कायद्यात हा प्रश्न आणखी नाजूक होतो. वैयक्तिक दाव्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचे दाखवावे लागते. त्या काळच्या चित्रात डोंगरउतारावरचा नाचणी-वरईचा तुकडा, मध्ये राखलेल्या मोहाच्या झाडांमुळे, जंगल म्हणून दिसू शकतो. उलट, जुन्या चित्रातली शेताची स्पष्ट चौकट कागद नसलेल्या दावेदाराच्या कामीही येते. वनहक्क नियमांत २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीप्रमाणे उपग्रहचित्र हा इतर पुराव्यांना पूरक पुरावा आहे आणि तो त्यांची जागा घेऊ शकत नाही.