आनंदपूरचा पाणक्या

चंदीगडहून रूपनगरच्या वाटेने सुमारे ८० ते ८५ किलोमीटर गेले की शिवालिकच्या पायथ्याशी आनंदपूर साहिब लागते. महाराष्ट्रातून आलेल्या आप्तेष्टांना आपण मंडळी हे क्षेत्र आवर्जून दाखवितो आणि १६९९ मध्ये खालशाची स्थापना येथेच झाली, हेही अगत्याने सांगतो. परंतु याच भूमीवर रणधुमाळीत पाण्याची पखाल खांद्यावर घेऊन हिंडलेल्या एका व्यापारीपुत्राचे नाव मात्र आपल्या ओठी क्वचितच येते. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्याचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते.

भाई कन्हैया यांचा जन्म १६४८ चा. वजीराबादजवळचे सोधरा हे त्यांचे गाव. ते आज पाकिस्तानात आहे. घराणे व्यापारउदिमाचे आणि सधन. परंतु तारुण्यातच त्यांचे मन विरक्त झाले आणि ते गुरू तेगबहादूर यांचे शिष्य बनले. पुढे अटकेच्या परिसरातील कव्हा या गावी त्यांनी धर्मशाळा उभारून वाटसरूंच्या सेवेचे व्रत घेतले. ज्या अटकेचे नाव आपण १७५८ च्या मोहिमेमुळे अभिमानाने घेतो, तिच्या आसमंतात त्याआधी कित्येक वर्षे हा व्यापाऱ्याचा मुलगा तहानलेल्यांना पाणी पाजीत होता.

१७०४ च्या सुमारास मोगल फौजा आणि पहाडी राजे यांनी आनंदपुरास वेढा घातला. तिकडे सह्याद्रीत त्याच वर्षी औरंगजेबाच्या सैन्याने राजगड व तोरणा हे किल्ले घेतले होते. पंजाब आणि महाराष्ट्र एकाच वेळी एकाच बादशाहीशी झुंजत होते. पुढे १७०८ मध्ये ज्यांनी आपल्या नांदेडास देह ठेवला, ते गुरू गोविंदसिंग आनंदपुराचे रक्षण करीत होते. या संग्रामात भाई कन्हैया होते. परंतु हाती शस्त्र नव्हते. जखमी होऊन पडलेल्यांना पाणी देण्याचे काम त्यांनी आपण होऊन पत्करले होते.

शीख परंपरा सांगते की, काही योद्ध्यांनी गुरूंकडे तक्रार केली : हा मनुष्य शत्रूच्या सैनिकांनाही पाणी पाजतो. ही तक्रार क्षुद्र म्हणता येणार नाही. वेढ्यात सापडलेल्यांना पाण्याचा थेंबन् थेंब मोलाचा; शिवाय आज ज्याला पाणी दिले, तो उद्या उठून पुन्हा तलवार उगारणार नाही, याची शाश्वती कोणी द्यावी ? गुरूंनी बोलावून विचारले, तेव्हा भाई कन्हैयांनी नाकबूल केले नाही. आपणांस मित्र वा शत्रू दिसतच नाही, प्रत्येक जखमीच्या ठायी गुरूंचेच मुख दिसते, असे ते म्हणाले. त्यावर गुरूंनी त्यांना मलम आणि पट्ट्या दिल्या व केवळ पाणी न देता जखमाही बांधीत जाव्या, अशी आज्ञा केली.

या प्रसंगाचे मर्म नीट ध्यानी घेतले पाहिजे. गुरूंनी तलवार खाली ठेवली नाही. लढा चालूच राहिला. मात्र जो घायाळ होऊन पडला, तो त्या क्षणी शत्रुत्वातून मुक्त झाला. युरोपात हा विचार कायद्यात येण्यास आणखी दीडशेहून अधिक वर्षे लागली. १८५९ मध्ये सोल्फेरिनोच्या रणभूमीवरील हाल पाहून सेवेला धावलेला हेन्री द्युनाँ हाही पेशाने व्यावसायिकच. त्याच्या प्रयत्नांतून १८६३ मध्ये रेडक्रॉसची पायाभरणी झाली आणि १८६४ मध्ये जिनिव्हा करार झाला.

भाई कन्हैया १७१८ मध्ये निवर्तले. त्यांच्या परंपरेतून सेवापंथ उदयास आला. या पंथाच्या साधूंनी दान न स्वीकारता मुंजाच्या दोऱ्या वळून पोट भरावे आणि उरलेला वेळ सेवेस द्यावा, असा परिपाठ ठेवला. भारतीय टपाल खात्याने १९९८ मध्ये भाई कन्हैयांचे तिकीट काढून त्यांचा गौरव केला.

हा वारसा आपल्या चंदीगडातही पाहावयास मिळाला. फाळणीत निर्वासित होऊन आलेले आणि केळ्यांच्या व्यापारात उभे राहिलेले जगदीशलाल आहुजा यांनी पी. जी. आय. रुग्णालयाबाहेर कित्येक वर्षे रुग्णांच्या नातलगांसाठी लंगर चालविला. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली; २०२१ मध्ये ते निवर्तले. अन्न वाढताना त्यांनी कोणाचा प्रांत विचारला नाही. आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनीही तो विचारला नव्हता. १९३८ मध्ये ते स्वेच्छेने युद्धग्रस्त चीनला गेले आणि १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच त्यांनी देह ठेवला.

परमुलखात राहणारी माणसे आपली भाषा, आपले सण आणि आपला गणपती जपण्यासाठी मंडळ स्थापितात, हे स्वाभाविकच आहे. परंतु आपले म्हणजे कोण, हा प्रश्न पन्नास वर्षांनंतर तरी मंडळाने स्वतःस विचारावा, असे आम्हांस वाटते. ज्या भूमीने आपणांस आसरा दिला, तिने या प्रश्नाचे उत्तर तीनशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. पुढील पन्नास वर्षांत आपल्या मंडळाची पखालही अशीच सर्वांसाठी रिती होवो आणि सदैव भरलेली राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.