उपग्रह संदेशक व जीपीएस नकाशे : जलप्रवासातील वापर

मोबाइलच्या मनोऱ्यांच्या टप्प्याबाहेर कॅनो, कयाक किंवा लहान होडीतून फिरताना आपले ठिकाण ओळखण्यासाठी आणि वेळ आली तर मदत मागण्यासाठी वापरली जाणारी साधने. ही दोन्ही कामे हातात मावणाऱ्या एकाच यंत्रात होऊ शकतात, पण त्यांचे तत्त्व वेगळे आहे. जीपीएस ग्राहक उपग्रहाचे संकेत फक्त घेतो. संदेशक उपग्रहाकडे संकेत पाठवतो. भारतात कायद्याची रेघही इथेच आखलेली आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा हौशी वल्हेकरी सुट्टीच्या दिवशी पैठणच्या नाथसागर जलाशयाकडे निघाला, तर फोनमध्ये नकाशा नेण्यास त्याला आडकाठी नाही. परदेशात दुकानात सहज मिळणारा उपग्रह संदेशक मात्र त्याला परवान्याशिवाय बाळगता येत नाही.

कार्यतत्त्व : जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किमी. उंचीवरून अचूक वेळ प्रसारित करतात. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की ग्राहक आपले स्थान काढतो. त्यासाठी मोबाइलची रेंज लागत नाही. नकाशा मात्र आधीच उतरवून ठेवावा लागतो, अन्यथा कोऱ्या पडद्यावर नुसता ठिपका दिसतो. नागरी संकेतांत मुद्दाम मिसळलेली त्रुटी अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली आणि हातातली यंत्रे खऱ्या अर्थाने उपयोगी ठरू लागली. भारताने २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रह सोडून ‘नाविक’ ही स्वतःची प्रणाली उभारली. तिचा पल्ला देशाच्या सीमेपलीकडे सुमारे १,५०० किमी. आहे. पहिल्या पिढीतील काही उपग्रहांची अणुघड्याळे बंद पडली. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहावर भारतीय बनावटीचे रुबिडियम घड्याळ बसवलेले आहे.

संदेशकांमध्ये ‘स्पॉट’ (२००७) हे सुरुवातीचे लोकप्रिय यंत्र. ते ग्लोबलस्टारच्या उपग्रहांमार्फत एकतर्फी निरोप धाडत असे. २०११ मध्ये आलेल्या ‘इनरीच’मुळे दुतर्फी संदेश शक्य झाले, ते इरिडियमच्या सुमारे ७८० किमी. उंचीवरील ६६ उपग्रहांच्या जाळ्यावर चालते. आणीबाणीचे बटण दाबले की हाक आधी कंपनीच्या समन्वय केंद्रात जाते आणि तिथून स्थानिक यंत्रणेकडे. यासाठी वर्गणी भरावी लागते. ४०६ मेगाहर्ट्‌झवर चालणारे आपत्सूचक याहून वेगळे. त्यांची हाक कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेमार्फत थेट सरकारी शोधपथकांकडे पोहोचते व वर्गणी नसते. या व्यवस्थेने पहिली सुटका सप्टेंबर १९८२ मध्ये कॅनडात केली. भारतातले तिचे नियंत्रण केंद्र बंगळुरूला आहे.

नाथसागरावरील नकाशावाचन : पैठण हे छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस सुमारे ५० किमी.वर आहे. तिथे गोदावरीवर बांधलेल्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांनी केली, तर लोकार्पण १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. धरणाचा नाथसागर हा जलाशय सुमारे ३५० चौ. किमी. पसरलेला असून फारसा खोल नाही. उघड्या पाण्यावर वाऱ्याला अडवणारे काही नसल्याने लाटा लवकर उठतात आणि सपाट काठ दुरून एकसारखे दिसतात. त्यामुळे जीपीएसची गरज इथे जंगलातल्या वळणदार नदीइतकीच असते.

मोठी अडचण काठाच्या रेषेची. धरणाची पूर्ण पातळी १,५२२ फूट. बहुतेक नकाशांतला काठ त्याच्या आसपासचा, किंवा उपग्रहाने ज्या दिवशी छायाचित्र घेतले त्या दिवसाचा असतो. उन्हाळ्यात पाणी मागे सरते, गाळपेर जमिनी उघड्या पडून त्यांवर पिके उभी राहतात आणि नकाशात निळे दिसणाऱ्या जागी होडी चिखलात रुतते. पाण्याखाली गेलेल्या गावांचे अवशेष, मासेमारीची जाळी आणि उपशाच्या मोटारींचे पाइप कुठल्याच सर्वसाधारण नकाशात नसतात. म्हणून निघण्याआधी पाटबंधारे विभागाकडून जाहीर होणारी त्या दिवसाची पातळी नकाशाशी ताडून पाहावी लागते. धरणाखालच्या पात्रात उतरायचे असेल तर विसर्गाची माहितीही हवी. जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य असल्याने वन विभागाची परवानगी हा प्रश्नही येतो.

कागदी नकाशा सोबत असावा. शेंद्रा आणि पैठण दोन्ही भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकनातील ४७ एम या पत्रकात मोडतात. जुनी पत्रके एव्हरेस्ट संदर्भप्रणालीवर, तर जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर चालते. फरक लक्षात न घेतल्यास ठिकाण शंभर मीटरच्या घरात सरकते. याहून मोठी चूक आकडे सांगताना होते. पैठणचा अक्षांश १९.४८ अंश आहे. फोनवर ऐकणाऱ्याने तो १९ अंश ४८ मिनिटे असा लिहून घेतला, तर शोधपथक सुमारे ३५ किमी. उत्तरेला, म्हणजे जलाशय सोडून शहराच्या दिशेला जाईल.

कायदेशीर स्थिती : परवान्याशिवाय उपग्रह फोन वा संदेशक बाळगणे हा १८८५ च्या तार कायद्यानुसार आणि १९३३ च्या बिनतारी कायद्यानुसार गुन्हा ठरत आला, त्यांची जागा आता दूरसंचार अधिनियम, २०२३ घेत आहे. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यात दहशतवाद्यांनी उपग्रह फोन वापरला होता आणि त्यानंतर थुराया व इरिडियम यांच्या उपकरणांबाबत बंधने कडक झाली. परवानगीची वाट मुख्यतः बीएसएनएलमार्फत मिळणाऱ्या इनमारसॅट सेवेची आहे. संदेशक हा फोन नव्हे, हा बचाव चालत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर कॅनडाच्या एका धावपटू महिलेला अशाच हातातल्या यंत्रावरून अडवून कारवाई झाली. परदेशस्थ नातेवाइकांनी भेट म्हणून आणलेले यंत्रही याच नियमात येते.

किनारपट्टीवरील भारतीय पर्याय : संदेश पाठवण्याची मुभा मच्छीमारांना मात्र सरकारी यंत्रणेतून मिळाली आहे. इस्रोचे आपत्सूचक २०१० पासून वापरात आहे. जानेवारी २०२४ च्या सुमारास आलेल्या त्याच्या दुसऱ्या पिढीत हाक पोहोचल्याची पावती होडीवर परत येते. बुडत्या माणसाचा धीर टिकवणारी हीच मुख्य सुधारणा. ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरू झालेले ‘जेमिनी’ हे यंत्र वादळाचे इशारे व मत्स्यक्षेत्रांची माहिती घेऊन मोबाइलवर दाखवते, पण उलट निरोप पाठवत नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या कार्यक्रमात मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा देशव्यापी प्रारंभ झाला. समुद्रात तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांकही चालतो.

अंतर्गत जलाशयांतील व्यवहार : या सोयी समुद्रासाठी आखलेल्या आहेत, धरणाच्या पाण्यावरील हौशी प्रवाशाला त्यांतून यंत्र मिळत नाही. त्याची भिस्त उरते ती साध्या बंदोबस्तावर : जीवरक्षक जाकीट, जलरोधक पिशवीतला भरलेला फोन, शिट्टी, उतरवलेला नकाशा आणि काठावर थांबणारा माणूस. त्या माणसाकडे मार्ग, परतीची वेळ आणि किती उशीर झाला की ११२ क्रमांकावर फोन करायचा, हे लेखी असावे. काठाजवळ रेंज मिळते तेव्हा फोनवरून आपले स्थान त्याला कळवत राहिल्यास शोधाचे क्षेत्र आपोआप आटोपशीर होते.

परदेशी यंत्र हाती असते तरी मदत प्रत्यक्ष पोहोचण्याचा प्रश्न तसाच राहिला असता. उपग्रह ठिकाण सांगतो, होडी पाठवत नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळ, राज्य दलाच्या तुकड्या धुळे व नागपूरला. नाथसागरावर उलटलेल्या होडीपर्यंत आधी पोहोचू शकतात ते काठच्या गावांतले मच्छीमार. म्हणून कोणत्या गावच्या घाटावर इंजिनाची होडी असते आणि तिच्या मालकाचा फोन क्रमांक काय, ही नोंद जीपीएस नकाशावर आधी करून ठेवणे अधिक उपयोगाचे.