धक्का जातो कुठे?

भातसानगरच्या धरणात होडीतून मोठा दगड फेकला की होडी मागे सरकते, हे मला शाळेच्या पुस्तकाआधीच कळलं होतं. मग मामेभावाने युक्ती काढली. दोघांनी पाठमोरं उभं राहून सारख्या वजनाचे दगड एकदम विरुद्ध बाजूंना फेकायचे. होडी जागची हलली नाही! फक्त त्याच्या दगडाने काठावर कपडे धुणारी आत्या चिंब भिजली आणि मग आम्हा दोघांना... असो.

हीच युक्ती अमेरिकन नौदलातल्या क्लीलँड डेव्हिस या अधिकाऱ्याने 1910 च्या सुमारास तोफेला लावली. तेव्हाची विमानं म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि वर ताणलेलं कापड. मोठ्या तोफेचा धक्का त्यांना सोसणार कसा? डेव्हिसने दोन नळ्या पाठीला पाठ लावून जोडल्या. मधे दारू, पुढून गोळा, मागून तितक्याच वजनाचे शिशाचे छर्रे आणि ग्रीस. हिशेब चुकता!

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या हवाई शाखेने ती घेतली, हँडली पेज बॉम्बरवरही चढवली. पण मागून सुटणारं शिसं आपल्याच पंखा-शेपटीला लागू नये हे सांभाळत नेम धरायचा, आणि दर गोळ्यानंतर तोफ पुन्हा भरायची. फार काही चाललं नाही.

1930 च्या दशकात सोव्हिएत संघात कुर्चेव्स्कीने मागून छर्र्यांऐवजी नुसता वायू सोडला. त्याच्या 76 मिलिमीटरच्या तोफा ग्रिगोरोविचच्या लढाऊ विमानांच्या पंखांखाली लागल्या. हवेत त्या पुन्हा भरणं जमेना. 1937 मध्ये त्याला अटक झाली आणि पुढे गोळ्या घातल्या गेल्या. 1939 मध्ये खाल्खिन गोलला सोव्हिएत विमानांनी रॉकेटं वापरली. विमानावरच्या या तोफांची गरजच संपत आली.

जमिनीवर मात्र त्या टिकल्या. 1965 मध्ये खेमकरणजवळ हवालदार अब्दुल हमीद यांनी रणगाडे फोडले ते जीपवरच्या अशाच तोफेने. तिच्याही मागून ज्वाळा आणि धूळ उठते, म्हणून गोळा सुटला की जागा बदलावी लागते.

म्हणजे धक्का नाहीसा होत नाही, आपल्याला लागत नाही इतकंच. भातसाचं पाणी मुंबईच्या नळाला येतं. तिथे धक्का जाणवत नाही. तो ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या, त्यांनी झेलला. आमची होडी तेवढी हलली नव्हती.